राजवाडा आखतोय : ६३ खोल्या काढल्या आणि गाडी अडली

नकाशेवाला

मंडळी, जरा डोकं लावा.

आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायचा साहसाचा खेळ) कॅम्पेनमधली, म्हणजे चालू कथेतली, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) राजधानीच्या वेशीवर पोचली आहे. राणी म्हातारी, तीस वर्षं गादीवर. दोनदा विषप्रयोग झालाय, त्यामुळे आता स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. पार्टीने तिला एक पत्र पोचवायचंय, आणि तेही प्रधानाला न कळता, कारण पत्र त्याच्याच विरुद्ध आहे. म्हणजे या भागाचा डंजन, पार्टीने शिरून पार करायची जागा, हा राजवाडाच.

मी हौसेने चौकटीच्या कागदावर नकाशा काढायला बसलो. तीन मजले, ६३ खोल्या. दरबार, शस्त्रागार, ग्रंथालय, तळघर, चार मनोरे. काल भावाला दाखवला. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर राणी कुठून कुठे जाते?" मला सांगता येईना. चाळीसेक खोल्यांत नक्की काय चालतं तेही माहीत नाही. मध्ये दरबार, भोवती खोल्या, बाहेर भिंत. राजवाडा कसला, गोदाम झालंय ते.

डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, लेव्हल नऊ-दहा. पार्टीत एक विझार्ड (जादूगार), एक रोग (लपतछपत फिरणारा चोर), एक क्लेरिक (जादू येणारा पुरोहित) आणि एक फायटर (लढवय्या). फायटरला बंद दार दिसलं की लाथ मारायची असते.

वीसचा_फासा

तुझ्या भावाला आमच्याकडे खेळायला पाठव.

घुबड

खोल्या मोजणं आधी थांबव. राजवाडा ही चाळणी असते. बाहेरून आत जाताना प्रत्येक दारात तुमच्याकडून काहीतरी काढून घेतात : आधी घोडा, मग हत्यार, मग सोबतची माणसं, शेवटी आवाज. राणीसमोर पोचेपर्यंत माणूस एकटा आणि निःशस्त्र झालेला असतो.

इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा बघ. बांधायला सुरुवात १४५९ मध्ये, ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदच्या काळात. चौकामागे चौक अशी रचना आहे. पहिल्या चौकात बाहेरची माणसं येऊ शकत. दुसऱ्या दरवाजातून घोड्यावर बसून जायचा मान फक्त सुलतानाचा, बाकी कितीही मोठा वजीर असला तरी पायउतार. तिसऱ्या दरवाजापलीकडे सुलतानाचं खाजगी जग. तिथे शांतता इतकी काटेकोर की दरबारात मुके सेवक असत आणि त्यांची खुणांची भाषा इतरही शिकत. भेटीच्या दालनाच्या दाराशी कारंजं आहे, आतलं बोलणं पाण्याच्या आवाजात बुडावं म्हणून ते ठेवलं असं सांगतात.

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र दुसऱ्या चौकात आहे. मंत्र्यांची बैठक भरे त्या दालनाच्या भिंतीत, उंचावर, जाळीची खिडकी आहे. तिच्यामागे बसून सुलतानाला बैठक ऐकता यायची. आज जाळीमागे कुणी आहे की नाही हे खाली बसलेल्यांना कळायला मार्ग नाही. रिकामी असली तरी खिडकी आपलं काम करतेच.

तुझ्या राणीला ही जाळी दे. प्रधानाला घाम फुटला पाहिजे.

कंदील

घुबड, माहिती झकास, पण टेबलावर याचा उपयोग काय? मी तीन वर्षं गेम चालवतोय. खेळाडूंना तोपकापीचा इतिहास सांगायला गेलात तर एक जण फोन काढतो आणि दुसरा फाशांचा मनोरा रचायला लागतो.

नकाशेवाला, तू ६३ खोल्यांच्या जागी पाच उंबरठे ठरव. बाहेरचं मैदान, अर्जदारांचा चौक, दरबार, भेटीचं दालन, राणीचा महाल. प्रत्येक उंबरठ्यावर कोण उभं आहे, त्याला काय हवंय, आणि तो कशाला भितो, एवढंच लिहून ठेव. उरलेल्या खोल्या पार्टी शिरली तर तिथल्या तिथे काढता येतात. अठ्ठावीस नंबरच्या खोलीतले पडदे कुठल्या रंगाचे हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

नकाशेवाला

पडद्यांचे रंग लिहून ठेवलेत हो मी. आता सांगायची लाज वाटतेय.

घुबड

@कंदील, मी इतिहास वाचून दाखवायला सांगितलाच नव्हता. तो नकाशात मुरवायचा. फायटरची कुऱ्हाड दुसऱ्या दारात काढून घेतली आणि क्लेरिकला तिसऱ्या दारात "एकानेच पुढे जायचं" असं सांगितलं की खेळाडूंना चाळणी आपोआप कळते. एक शब्द समजवावा लागत नाही.

कंदील

हे मान्य. पण पार्टी फोडू नका. एक जण राणीशी बोलतोय आणि तिघं तासभर ताटकळताहेत, असं झालं की सेशन बसला म्हणून समजा. बाहेर थांबलेल्यांना त्याच वेळी दुसरं काहीतरी करायला हवं.

चुलाणं

ते दुसरं काहीतरी म्हणजे मागचा जिना! एवढे प्रतिसाद झाले आणि नोकरांच्या वाटेचं कुणी नाव काढेना.

प्रत्येक राजवाड्याला दोन नकाशे असतात. एक पाहुण्यांचा, दुसरा पाणी, सरपण, धुणी आणि खरकटं यांचा. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातली स्वयंपाकघरं दिवसातून दोनदा सहाशेच्या आसपास माणसांना जेवू घालत. आता हिशोब करा. त्यासाठी रोज किती गाड्या सरपण आत येत असेल? भांडी कुठे घासतात? राख कुठे जाते? हे सगळं दरबाराच्या दारातून तर जात नाही. शिवाय आगीच्या भीतीने स्वयंपाकघर मुख्य महालापासून लांब ठेवलं, तर राणीपर्यंत ताट गार होऊन पोचणार. मग मध्ये ताट गरम करायची एक छोटी खोली लागते. राणीला दोनदा विष घातलंय ना? ते नेमकं त्या खोलीत घातलं. बघा, ६३ पैकी एका खोलीला अर्थ आला.

आणि ही वाट वापरणारी माणसं कुणाच्या खिजगणतीत नसतात. त्यांना वाड्याची खडानखडा माहिती असते, पण दरबारातल्या एकालाही त्यांचं नाव माहीत नसतं. पार्टीचा खरा खजिना तो.

गुप्त दाराचंही तसंच. ६ ऑक्टोबर १७८९ च्या पहाटे व्हर्सायमध्ये जमाव घुसला तेव्हा फ्रान्सची राणी मेरी आंत्वानेत पलंगाजवळच्या छुप्या दारातून राजाच्या दालनांकडे पळाली. ते दार जादूचं वगैरे नव्हतं, रोजच्या ये-जा करायच्या आतल्या वाटेवरचं होतं. भिंतीच्या नक्षीत मिसळून गेलेलं, एवढंच. तिच्या एका परिचारिकेच्या आठवणींत असंही आहे की पुढचं एक दार नेमकं त्या दिवशी पलीकडून बंद होतं, आणि ते उघडेपर्यंत ठोठावत उभं राहावं लागलं. गुप्त वाट सापडली म्हणजे सुटलो असं खेळाडूंना वाटतं. दुसऱ्या टोकाची कडी कुणाच्या हातात आहे ते आधी ठरवा.

वीसचा_फासा

"दुसऱ्या टोकाची कडी" ढापतोय. आमच्या रविवारच्या सेशनला.

अर्धवट_विझार्ड

तुम्ही सगळे विसरताय की या जगात जादू आहे. दहाव्या लेव्हलच्या विझार्डसाठी चौकामागे चौक म्हणजे शून्य. डायमेन्शन डोअर (क्षणात दुसरीकडे नेणारा मंत्र) टाकलं की ५०० फूट आत, भिंत दिसायचीही गरज नाही. पाच उंबरठे पाच सेकंदांत पार.

मग अशा जगातली राणी काय करेल? फॉर्बिडन्स. सहाव्या लेव्हलचा स्पेल (मंत्र) आहे. ४०,००० चौरस फूट जमीन झाकतो, तिथे बाहेरून टेलिपोर्ट करून शिरता येत नाही. एकाच जागी ३० दिवस रोज टाकला तर कायमचा होतो, आणि हजार सोन्याच्या नाण्यांची माणकाची पूड फक्त शेवटच्या दिवशी खर्च होते. राणीला हे अगदीच परवडतं.

आता गंमत बघा. ४०,००० चौरस फूट म्हणजे २०० बाय २००, पाच फुटांच्या चौकटींत ४० बाय ४०. राणीचा आतला महाल बरोबर एवढाच बांधलेला असणार, एक वीटही जास्त नाही! वास्तुशिल्पीने नकाशा काढायच्या आधी पुरोहिताला विचारलेलं असणार. आणि स्पेलची उंची जमिनीपासून फक्त ३० फूट. म्हणजे नकाशेवाला, तुझे चार मनोरे आहेत ना, ते ३० फुटांच्या वर उघडे पडलेत. राणी मनोऱ्यात झोपत असेल तर ती वेडी आहे.

दुसरं, एका फॉर्बिडन्सच्या जागेवर दुसरा फॉर्बिडन्स चढवता येत नाही. त्यामुळे शेजारच्या इमारतीला वेगळा टाकायचा तर मोजमाप इंच इंच जुळायला हवं. पुरोहिताने धोका नको म्हणून पाच फुटांची पट्टी मोकळी सोडली असेल तर? ती पट्टी म्हणजे जिन्याखालचा एखादा बोळ. मनोऱ्यांचे वरचे भाग सोडले तर बाहेरून टेलिपोर्ट होण्यासारखी अख्ख्या वाड्यातली एकुलती एक जागा. आता ही गोष्ट कुणाला माहीत आहे? चुलाणं म्हणतात त्या राखवाल्याला नाही. ती माहीत आहे फक्त त्या पुरोहिताला.

भेटीच्या दालनाच्या भिंतींत शिशाचा पातळ पत्रा घाला. डिटेक्ट मॅजिक (जादू ओळखायचा स्पेल) त्याच्या पलीकडे जात नाही. तुमचा क्लेरिक दारात उभा राहून आत काय काय जादू आहे ते हुंगू शकणार नाही.

शंकासुर

एक बाळबोध शंका. टेलिपोर्ट बंद, हत्यार बंद, शिशाच्या भिंती, जाळीमागे कान. मग पार्टी आत जाणार कशी? आणि राणी राज्य कसं चालवते? माणूस आत येऊ शकत नसेल तर बातमी तरी कशी येणार? तुम्ही राजवाडा बांधताय की थडगं?

कंदील

शंकासुर पहिल्यांदा मुद्द्याचं बोलले. नोंद घ्यावी.

घुबड

शंकासुर, उत्तम प्रश्न. राणीला माणसं भेटावीच लागतात, आणि तिच्या सगळ्या बंदोबस्तातली ती फट आहे. अर्ज घ्यायचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी तीनशे माणसं चौकात असतात. शिवाय नियम पहिल्या विषप्रयोगानंतर केलेले, त्याला झाली वीस वर्षं. पहारेकऱ्यांना आता झडती घ्यायचा कंटाळा आलाय. ओळखीच्या माणसाची टोपली ते उघडतही नाहीत.

पण माझा आवडता आधार कौटिल्य. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात निशान्तप्रणिधी नावाचं प्रकरण आहे, राजाचं निवासस्थान कसं असावं यावर. गेम मास्टरसाठीच, म्हणजे गेम चालवणाऱ्यासाठीच, लिहिलंय असं वाटतं. भिंतींत गूढ वाटा असलेलं मोहनगृह. भुयारी घर, त्याला बाहेर पडायला अनेक सुरुंग, म्हणजे भुयारी वाटा. भिंतीत लपवलेला जिना आणि पोकळ खांबातून बाहेर पडायची सोय. आणि वेळ पडली तर यंत्राने खाली कोसळेल असा तळ! हे लिहिणाऱ्याच्या मनात कुठली भीती होती ते पुढच्या ओळींत कळतं. भद्रसेनाला त्याच्या भावाने मारलं, राणीच्या महालात लपून. कारूषाला मुलाने मारलं, आईच्या पलंगाखाली दडून. कुणी नूपुराला विष लावून, कुणी वेणीत शस्त्र लपवून. एवढ्या भिंती, सुरुंग आणि यंत्रं बांधून झाल्यावर यादीत सगळी घरातलीच माणसं.

म्हणून म्हणतो, राणीचा नकाशा बाहेरच्या शत्रूसाठी काढू नकोस. तिचा मुलगा कुठे झोपतो, त्याच्या आणि तिच्या महालात किती दारं आहेत, आणि ती कधीपासून वाढत गेली, ते काढ.

अवांतर : त्याच प्रकरणात पक्ष्यांचा पहारा आहे. सापाच्या विषाची शंका आली की पोपट आणि साळुंकी ओरडतात, विषाजवळ क्रौंच बेभान होतो, चकोराच्या डोळ्यांचा रंग उतरतो. खरं असो-नसो, फँटसीच्या जगात ते शंभर टक्के खरं करता येतं.

चुलाणं

पक्ष्यांचा महाल!!! आणि पिंजरे साफ करणारी बाई! तिला रोज राणीच्या खोलीत जावंच लागतं. नकाशेवाला, बाकी सगळं सोड, या बाईला नाव दे.

अर्धवट_विझार्ड

पक्षी भारी आहेत. त्यांच्यावर डिस्पेल मॅजिक (जादू मोडायचा स्पेल) चालत नाही.

कासव

उशिरा आलोय, दोनच गोष्टी.

वाडा कशाचा बांधलाय ते ठरवलंस का? तुझ्या पार्टीत विझार्ड आहे, म्हणजे कधी ना कधी फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा स्पेल) पडणार, आणि फायरबॉलने आसपासचं पेट घेण्याजोगं सगळं पेटतं. बीजिंगचं निषिद्ध नगर १४२० मध्ये बांधून झालं आणि पुढच्याच वर्षी वीज पडून त्यातली तीन मुख्य दालनं जळाली, कारण सगळं लाकूड. तिथल्या अंगणांत पाण्याने भरलेले धातूचे मोठाले रांजण ठेवलेले असत, ते शोभेचे नव्हेत, आगीसाठी. शनिवारवाड्याचंही तेच. १८२८ च्या आगीत लाकडी मजले गेले, दगडी जोतं आणि तटबंदी राहिली. तुझ्या नकाशात खालचा मजला दगडी आणि वरचे लाकडी असतील तर आग लागल्यावर कोण कुठे अडकेल ते आत्ताच बघून ठेव. आणि अंगणात रांजण ठेव. रोग त्यात लपेल. नेहमी लपतो.

दुसरं, दरबार म्हणजे देखावा. त्यात कंजुषी नको. इसवी सन ९४९ मध्ये क्रेमोनाचा लिउतप्रांद दूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेला. सम्राटाच्या सिंहासनापाशी धातूचे सिंह डरकाळ्या फोडत होते, सोन्याचा मुलामा दिलेल्या झाडावर पितळी पक्षी गात होते. त्याने तीनदा दंडवत घालून मान वर केली तर सिंहासन सम्राटासकट छताजवळ! पण तो लिहितो की मला भीतीही वाटली नाही आणि नवलही नाही, कारण जाणकारांना मी आधीच विचारून ठेवलं होतं. गेममध्ये हे जसंच्या तसं घेता येतं. ज्याने बाहेर चौकशी केली त्याला दरबारातल्या विस्डम सेव्हवर (न घाबरण्यासाठी टाकायचा फासा) अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे फासा दोनदा टाकून चांगला आकडा घ्यायचा, बाकीच्यांनी घाबरायचं.

वीसचा_फासा

क्योतोच्या निजो किल्ल्यातली ती पक्ष्यासारखी किलबिलणारी जमीन पण घे रे. मारेकऱ्याचं पाऊल पडलं की आवाज.

कासव

ती मुद्दाम तशी केली होती की खालचे खिळे आणि पट्ट्या झिजून आवाज यायला लागला, यावर वाद आहे. खुद्द किल्ल्यातच झिजेचं स्पष्टीकरण देतात.

कंदील

झिजेचंच घे. ते जास्त चांगलं आहे. तीस वर्षं राणीने तो कॉरिडॉर दुरुस्त करू दिला नाही, कारण रात्री कोण येतंय ते तिला कुरकुरण्यावरून कळतं. नवा मारेकरी अडकेल. जुना नोकर मात्र कुठली फळी टाळायची ते जाणतो.

शंकासुर

म्हणजे मुलगाही जाणतो.

घुबड

शंकासुर आज फॉर्मात आहेत.

नकाशेवाला

मंडळी, सेशन काल झाला. साडेचार तास.

नवा नकाशा एका कागदावर मावला. पाच उंबरठे, मागचा जिना, ४० बाय ४० चा आतला महाल, कुरकुरणारा कॉरिडॉर, पक्षी. मनोऱ्यांपैकी तीन पाडले. चौथा ठेवला आणि मुलाला तिथे झोपवला, कारण आईने त्याला संरक्षणाच्या बाहेर ठेवलंय हे त्याला चांगलंच कळतं. एकूण अकरा खोल्या. पडद्यांचे रंग एकाही खोलीत नाहीत.

पाच फुटांचा बोळ कुणाला सापडलाच नाही. पुरोहिताशी कुणी बोललंच नाही. अर्धवट_विझार्ड, माफी असावी. आमच्या विझार्डने डायमेन्शन डोअर टाकलं, ते फुकट गेलं, आणि पुढचा तासभर तो गप्प होता. त्याचा हा सर्वोत्तम सेशन होता असं फायटर म्हणतो.

खरा खेळ पिंजरे साफ करणाऱ्या बाईशी झाला. चाळीस मिनिटं! रोगला तिच्याकडून चोरी करायची होती, क्लेरिकने त्याचा हात धरला. तिचा गुडघा दुखतो एवढंच मी लिहिलं होतं. क्लेरिकने तो बरा केला, त्यावर बाई रडली, आणि मलाच सुचेना की आता हिने काय करावं. मग तिने टोपली पुढे केली. पत्र दाण्यांखाली आत गेलं, आणि टोपली उचलायला म्हणून सोबत क्लेरिकही. कुरकुरणाऱ्या कॉरिडॉरमध्ये बाई पुढे, क्लेरिक तिच्या पावलावर पाऊल टाकत मागे. फासे टाकायची वेळच आली नाही. टेबलावर कुणी श्वासही घेत नव्हतं.

फायटरने त्याच वेळी खाली पोकळ खांबाला लाथ मारली. तो भाग मी सांगणार नाही.

राणी महालात नव्हतीच. ती जाळीमागे बसली होती, आणि खाली बैठकीत प्रधान बोलत होता. बाईने पत्र तिथे नेऊन तिच्या हातात दिलं. राणीने घडी उलगडली आणि बाईच्या खांद्यावरचा पोपट ओरडला. तिथेच सेशन थांबवला.

शंकासुर

पण पत्राला विष लावलं कुणी? पत्र तर पार्टीनेच आणलं होतं.

नकाशेवाला

सकाळपासून ग्रुपवर तेच चाललंय. रोग शपथा घेतोय, आणि विझार्डने तीनदा हात धुतलेत.